भीमाबाईंचं खोबरेल तेल आणि मी

मी एक जुनी रिव्हॉल्वर आहे. घाबरू नका मित्रांनो, जागेवरच बसा. माझ्या पोटात आता एकही काडतूस नाही. पनवेलच्या बाजारपेठेत काशिरामशेठचं बंदुकांचं दुकान आहे, तिथल्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालतात, समोरच्या दुकानातून मसाला कांडल्याचा ठसका येतो, त्यामुळे वेळ बरा जातो. तुम्ही शाळेत छत्रीचं, फळ्याचं, फाटक्या पुस्तकाचं मनोगत वाचलं असेल. ती सगळी बिचारी स्वभावाने गरीब असतात. मी तशी नाही. मी चांगली गर्विष्ठ आहे, आणि हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म कानपूरचा. तापलेलं पोलाद, कानठळ्या बसवणारी यंत्रं, कानशी, पॉलिशचं चाक, या सगळ्यातून मी बाहेर पडले तेव्हा इतकी चकचकीत होते की माझ्यात कारखान्याचा दिवा दिसायचा. एका साहेबांनी माझ्या नळीतून आरपार पाहिलं आणि "ठीक आहे" म्हटलं. तेवढ्या दोन शब्दांवर मी कित्येक महिने फुगून बसले होते. मग मेणकागदात गुंडाळून, खोक्यात घालून मला पनवेलला पाठवलं गेलं.

आणि इथे काय झालं? काही नाही! वर्षानुवर्षं फळीवर बसून राहिले. माझ्यानंतर आलेल्या माझ्यादेखत विकल्या गेल्या. कुणी बँकेच्या पहारेकऱ्याबरोबर गेली, कुणी सोनाराबरोबर. गिऱ्हाईक आलं की मी अंग चोरून नाही, चांगली मिरवत बसायची. पण काशिरामशेठ सांगायचे, "ही जरा जुन्या पद्धतीची आहे," आणि गिऱ्हाईक पुढे सरकायचं. फार वाईट वाटायचं हो.

मग २००८ साली विचुंब्याचे काळूराम भोईर दुकानात आले.

काळूरामांची कहाणी थोडक्यात सांगते. विचुंब्याला त्यांची भातशेती होती. ती विकली गेली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. गावातल्या इतरांसारखा काळूरामांनीही बंगला बांधला, दारात गाडी उभी केली. पण सकाळी उठून करायचं काय? पायाला चिखल लागला नाही तर त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी माथेरानच्या डोंगराखाली, धोदाणीच्या वाटेवर, जंगलाला लागून थोडी जमीन घेतली आणि तिथे वाल, रताळी, भुईमूग लावला. माणूस पुन्हा हसायला लागला, असं भीमाबाई सांगतात. भीमाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी.

पण ती रताळी जंगलातल्या रानडुकरांनाही आवडली. एका संध्याकाळी काळूराम कुदळ घेऊन पाट मोकळा करत होते, तेवढ्यात एक डुक्कर झुडपातून सरळ अंगावर आलं आणि त्यांची पोटरी फाडून गेलं. दवाखान्यात टाके घालून झाले, आणि भीमाबाईंनी तिथेच निकाल दिला.

"एक तं संगती हत्यार ठेवा, नाय तं ती जागा इका. माझं कुंकू पुसून रताळी पिकवू नका!"

म्हणजे बघा, हत्यार मिळालं नाही तर काळूरामांची दुसरी शेतीसुद्धा जाणार होती. त्यांनी परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, आणि परवाना हातात पडला त्याच दिवशी भीमाबाईंना आणि मुलाला, कल्पेशला, घेऊन ते दुकानात हजर झाले.

मित्रांनो, मुलगी बघायला पाहुणे येतात ना, तसाच तो कार्यक्रम झाला. काशिरामशेठनी मखमली कापड अंथरलं. "कशासाठी पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"जंगलान जातांना. जनावरांपासून," काळूराम म्हणाले.

काशिरामशेठनी चष्मा काढून हातात घेतला. हे त्यांचं नेहमीचं. चष्मा काढला की ते धंदा विसरतात. "खरं सांगू का? बिबट्या तुमच्या आधी तुम्हाला बघतो आणि निघून जातो. साप पायात येतो, त्याला बॅटरी आणि बूट पुरेत. राहिलं डुक्कर. त्याची मान म्हणजे ओंडका. अशा लहान हत्याराची गोळी लागली तरी ते थांबेलच असं नाही, उलट जास्त चवताळेल. आणि परवाना जीव वाचवायला आहे, शिकारीला नाही. घ्यायचीच तर लांब नळीची बंदूक घ्या."

त्यांनी दोन नळ्यांची बंदूक पुढे केली. काळूरामांनी ती खांद्याला लावून पाहिली, मग खाली ठेवली. "एका हातान कुदळ, एका हातान पाटी. आन ही धरू कशान, दातान?"

कल्पेशची नजर काळ्या पिस्तुलावर होती. "पप्पा, ही घ्या ना! एकदम सॉलिड दिसते." काशिरामशेठनी ते पिस्तूल उलगडून दाखवलं. गोळ्या त्याच्या मुठीत भरायच्या, वरचा भाग मागे ओढायचा, खटका काढायचा. "अंगावर डुक्कर येताना यातलं काय काय आठवेल तुम्हाला?" काळूरामांनी प्रामाणिकपणे मान हलवली. त्यांना मोबाइलचं कुलूपसुद्धा कल्पेश काढून द्यायचा.

मग पाळी माझी आली. जुन्या पद्धतीची असले तरी माझं सगळं सरळ होतं. चाप ओढला की झालं. पण काळूरामांच्या आधी भीमाबाईंनीच मला उचललं. कोयता घेताना बायका जसा तोलून बघतात तसं त्यांनी मला तळहातावर तोललं, उलटं केलं, मुठीवरून बोट फिरवलं. "उघरून दाखवा," त्या म्हणाल्या. काशिरामशेठनी मला मधून मोडून उघडलं. चाकातली गोळ्यांची सहाही घरं लख्ख दिसली.

"ही बरी हाय. पोटान काय हाय ते दिसतं तरी. त्या कालीसारखी लपवीत नाय काय. हीच द्या."

त्या काळ्या पिस्तुलाचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं!

निघताना काशिरामशेठनी बजावलं, की वर्षातून एकदा हिला इथे साफसफाईला आणा आणि बंदुकीचंच तेल वापरा. आणि समोर काय आहे ते डोळ्यांना नीट दिसल्याशिवाय चापावर बोट नेऊ नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं. काळूरामांनी डॉक्टरपुढे हलवतात तशी मान हलवली.

तर अशी मी कामाला लागले. काम कसलं! सकाळी काळूरामांच्या कमरेवरून शेतावर जायचं, दुपारी आंब्याच्या फांदीला पट्ट्यासकट लटकायचं, संध्याकाळी विचुंब्याला परत यायचं आणि रात्री कपाटात भीमाबाईंच्या शालूशेजारी झोपायचं. शालूला माझा राग यायचा, कारण माझ्या अंगाला ग्रीसचा वास यायचा. लोकसभेची निवडणूक आली तेव्हा नियमाप्रमाणे मला पोलीस ठाण्यात जमा केलं. तिथे तालुक्यातल्या सगळ्या बंदुका एका खोलीत होत्या. एका बारा बोअरच्या आजोबांनी आपण वाघ मारल्याची गोष्ट रोज ऐकवली. रोज वाघ थोडा मोठा व्हायचा. मी काय सांगणार? माझ्या नळीतून अजून एक ठिणगीसुद्धा निघाली नव्हती. त्या आजोबांचा मला फार हेवा वाटायचा.

घरात मात्र माझी बडदास्त राजेशाही होती. दसऱ्याला काळूराम काडतुसं काढून ठेवायचे आणि भीमाबाई मला पाटावर बसवायच्या. विळा, कोयता, कुदळ, पाण्याची मोटर आणि मधोमध मी! हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आणि उघडलेल्या पोटात मूठभर ओल्या अक्षता. त्या अक्षता आत सगळीकडे शिरायच्या. पण भीमाबाईंचं प्रेम एवढ्यावर थांबणारं नव्हतं. दर अमावस्येला त्या गाडीला लिंबू-मिरची बांधायच्या, आणि मला खोबरेल तेल घालायच्या. अहो, डोक्याला लावतात तेच! "लोखंडाला तेल नाय घातलं तं गंजंल ते," असं म्हणत त्या बाटली उपडी करायच्या आणि तेल नळीत, चाकात, काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याच्या फटीत मुरेपर्यंत बोटाने चोळायच्या.

बंदुकीचं तेल वेगळं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं होतं, पण काळूरामांना, आणि ते घरी येईपर्यंत विसरले होते. वर्ष उलटलं तरी दुकानात साफसफाईलाही कुणी नेलं नाही. मी तर खूश होते. सुगंधी तेलाने मालिश कुणाला नको असते?

पुढचा जानेवारी आला. पोपटीचे दिवस. आमच्या या भागात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा पाला घालून, शेंगा, रताळी, अंडी रचून ते मडकं उपडं जाळात ठेवतात, तीच पोपटी. त्या रविवारी संध्याकाळी शेतावर पोपटी ठरली होती. भीमाबाई आणि कल्पेश मागून येणार होते. काळूराम शेंगा तोडायला सकाळीच निघाले. शेजारच्या वाडीतली वेणू भांबुर्ड्याचा पाला आणून देणार होती. वेणू म्हणजे शेतावर मदतीला येणारी, काळूरामांना दादा म्हणणारी, नेहमी खळखळून हसणारी बाई. तिला सहा-सात महिन्यांची मुलगी होती, दिपिका.

त्या सकाळी थंडी कडक होती. ऊन अजून डोंगराआड होतं आणि शेतावर धुकं उतरलं होतं. काळूराम बांधाशी आले आणि थबकले. आदल्या दिवशीच डुकरांनी रताळ्याचा एक वाफा उकरला होता. आणि आता पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून आवाज येत होता. माती खरवडल्याचा. खर्र, खर्र. मधेच एक जड हुंकार. धुक्यात जमिनीलगत एक काळी, फुगीर पाठ हलत होती.

काळूरामांचा हात पोटरीच्या जुन्या जखमेकडे गेला, आणि तिथून माझ्याकडे.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला चेव आला. इतकी वर्षं फळीवर, फांदीवर, शालूशेजारी काढली होती. आज माझा दिवस होता! आता पोलीस ठाण्यात मीही गोष्ट सांगणार होते. काळूरामांनी दोन्ही हातांनी मला धरलं, त्या काळ्या पाठीवर नेम धरला आणि चाप ओढला.

चाप हललाच नाही.

त्यांनी पुन्हा ओढला, सगळा जोर लावून. मीही जीव तोडून प्रयत्न केला. पण माझ्या सांध्यासांध्यांत वर्षभराचं खोबरेल तेल थंडीने गोठलं होतं, अगदी तुमच्या घरच्या बाटलीत डिसेंबरात गोठतं तसं. त्यात कुंकू कालवलेलं, अक्षता रुतलेल्या. माझं चाक फिरेना, घोडा उठेना. "चाल ना गं बये!" काळूराम दातओठ खाऊन पुटपुटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात जाळीतून कुणीतरी शिंकलं. बारीक, नाजूक शिंक.

काळी पाठ सरळ झाली. ती घोंगडी होती. घोंगडीखाली, पाठीला झोळीत बांधलेली दिपिका होती. आणि वेणू हातात मातीने माखलेला एक मोठा रानकंद घेऊन उभी होती, हसत.

"दादा, आलास का? मी म्हनलं, पोपटीला कंद काढून ठेवावा. बग तरी, केवढा निगाला! खोदून खोदून दम लागला."

काळूराम मटकन बांधावर बसले. मी त्यांच्या हातातून गवतात पडले.

"काय जालं, दादा? पाय दुखतो का?"

काहीतरी थाप मारून त्यांना वेळ निभावता आली असती. पण काळूराम तसे नव्हते. "वेणू," ते म्हणाले, "मना वाटला डुक्कर हाय. मी चाप ओडला गं. दोन डाव ओडला."

वेणूने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग झोळी सोडून दिपिकाला पाठीवरून पुढे घेतलं आणि छातीशी घट्ट धरलं. ती एवढंच म्हणाली, "हाक मारायची व्हती, दादा." कंद बांधावर ठेवून ती वाडीकडे चालू लागली. काळूरामांना रडू आवरेना.

मी गवतात पडून होते. सकाळपर्यंत मला वाटत होतं की न चालणं ही हत्याराची सगळ्यात मोठी बेअब्रू. आता त्या शिंकेचा आवाज माझ्या नळीत घुमत होता. मी चालले असते तर! मित्रांनो, पोलाद थरथरत नाही म्हणतात. मी थरथरत होते.

दुपारनंतर भीमाबाई मडकं, अंडी आणि मसाला घेऊन आल्या. काळूरामांनी त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी मला गवतातून उचललं, नाकाशी नेलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माझं तेल हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "गोठलंय बगा." आणि त्या रडता रडता हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. कल्पेशला कळेना आईला पाणी द्यावं की कुणाला बोलवावं.

पदराने तोंड पुसून त्या एकट्याच वाडीवर गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण दिवस मावळायच्या आत त्या वेणूला आणि दिपिकाला घेऊन परत आल्या. जाळ पेटला, मडक्यातून भांबुर्ड्याचा वास सुटला. काळूराम वेणूकडे बघायला धजत नव्हते. तेव्हा वेणूने दिपिकाला उचललं आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "घे जरा. मना अंडी सोलू दे," ती म्हणाली. दिपिकाने काळूरामांची मिशी पकडली ती काही सोडेना, आणि मग सगळेच हसले. तो कंद पोपटीत घातला होता. म्हणे फार गोड लागला.

खाऊन झाल्यावर काळूराम हळूच म्हणाले, "मंग आता जागा इकायची ना?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच भरून आलं. हत्याराशिवाय शेती नाही, हा भीमाबाईंचा शब्द होता, आणि हत्यार तर आता त्यांना डोळ्यांसमोर नको होतं.

"जागा नाय इकायची," भीमाबाई म्हणाल्या. "ही इकायची. जागेवर मी येतंय रावाला."

"तू? आन तुझा टीव्ही?"

"टीव्ही पन येल."

तर मित्रांनो, भीमाबाई खरंच तिथे राहायला गेल्या. त्यांनी विचुंब्याहून आपल्या जुन्या साड्या आणल्या आणि शेताभोवती कुंपणासारख्या बांधल्या. लाल, पिवळ्या, पोपटी साड्या वाऱ्यावर फडफडतात आणि डुकरं बिचकतात. कल्पेशने एक कुत्रा आणून दिला. आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे भीमाबाईंचा गळा. झुडूप हललं रे हललं की, "एऽऽ, कोन हाय रं तिकरं?" माणूस असलं तर ओ देतं, जनावर असलं तर पळत सुटतं. रताळी अजूनही थोडीफार जातात. काळूराम म्हणतात, तेवढा त्यांचा वाटा.

मला त्यांनी काशिरामशेठकडे परत आणलं आणि परवानाही कचेरीत परत केला. काशिरामशेठनी मला उघडलं, आतला तेला-कुंकवाचा लगदा काडीने उकरला आणि भडकले. "हे कुणी केलं?" भीमाबाई काउंटरपुढे ताठ उभ्या होत्या. "मी," त्या म्हणाल्या. मग काळूरामांनी त्या सकाळची हकिकत सांगितली. काशिरामशेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला, आणि मला कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. तेव्हापासून कुणी फार्महाउसवाला येऊन जंगलासाठी हत्यार निवडायला बसला की ते मला खाली काढतात आणि आधी माझी गोष्ट सांगतात. काही लोक मग बॅटरी आणि शिटी घेऊन जातात. धंद्याचं नुकसान होतं, पण शेठना त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, मनोगताच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतो. छत्री म्हणते मला वाळवा, पुस्तक म्हणतं मला वाचा, सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी मात्र मागते की मला खुशाल पडून राहू द्या. जंगलात जाल तेव्हा बोलत जा, गात जा, पायाखाली बघून चाला. ते रान जनावरांचं घर आहे, आणि तिथे कंद काढणाऱ्या, पाला तोडणाऱ्या माणसांचंही आहे. झुडपात काही हललं तर आधी हाक मारा आणि ओ येण्याइतका वेळ थांबा.

परवा भीमाबाई बाजाराला आल्या होत्या. बरोबर दोन वेण्या घातलेली, नव्या दप्तराच्या खरेदीला आलेली एक मुलगी होती. काशिरामशेठना नमस्कार करायला त्या दुकानात शिरल्या. मसाल्याच्या ठसक्याने मुलगी शिंकली, मग तिने काचेला नाक लावलं आणि फळीफळीवरून बघत बघत तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी तिला लगेच ओळखलं. ती शिंकली नसती तरी ओळखलं असतं.

"आजी, ही काय करते?" दिपिकाने विचारलं.

भीमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ही होय? ही काय नाय करत," त्या म्हणाल्या.

"कायच नाय?"

"कायच नाय गं, बाय," त्या म्हणाल्या आणि तिच्या दोन्ही वेण्यांवरून हात फिरवत राहिल्या. कानपूरच्या साहेबांपासून आजवर माझी इतकी मोठी तारीफ कुणी केली नव्हती.